कवळीमास्तरांची पद्मिनी

"माजं दात कुटं हायत, ते आदी सांगा!"

अक्कलकोटकडचे एक तात्या दारात उभे राहून ओरडत होते. तोंडात एकही दात नसलेल्या माणसाला खरं तर ओरडता येत नाही, नुसती हवा सुटते. पण तात्यांनी तेवढ्या हवेवर सोलापूरचा अर्धा सात रस्ता चौक गोळा केला होता. आतून कवळीमास्तर दुप्पट आवाजात सांगत होते, "होतायत तात्या, होतायत. दात म्हणजे काय पापड आहेत का, उन्हात टाकले की वाळले?" तेवढ्यात तात्यांची नजर टेबलावर गेली. तिथं तळहाताएवढं एका मोटारीचं बॉनेट पडलं होतं. गुलाबी. अगदी हिरडीसारखं गुलाबी. तात्यांनी एक बोट स्वतःच्या हिरडीवर ठेवलं, दुसरं बॉनेटकडं केलं आणि गर्दीला म्हणाले, "ह्ये बघा. माज्या दाताचा माल ह्येनी गाडीला घातलाय."

तात्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मास्तर त्या दिवसांत कवळीच्या ॲक्रिलिकमधून मोटार घडवत होते.

मला हे इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण माझं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. माझ्याकडं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मिळते. आमची भाकरी कडक म्हणजे किती, तर एकदा पोत्यातून एक रस्त्यावर पडली, तिच्यावरून ट्रक गेला आणि ट्रकचं पंक्चर काढावं लागलं. मास्तर म्हणायचे, "हा भाकऱ्या लोकांचे दात पाडतो आणि मी बसवतो. सोलापुरात एवढी एकी दोन भावांत नसते." त्यांची एक रीत होती. नवी कवळी बसवली की पेशंटला हाताला धरून माझ्या दुकानात आणायचे आणि भाकरीचा तुकडा चावायला लावायचे. कवळी टिकली तर पेशंट पास. नाही टिकली तर मास्तर नापास, आणि त्या दिवशी भिंतीपलीकडून तेलुगूत जे ऐकू यायचं ते मला कळत नसे ते बरंच होतं. मास्तरांचं घर तेलुगू विणकरांचं, त्यामुळं राग तेलुगूत, लाड दखनीत आणि बाकीचा संसार मराठीत, अशी त्यांची वाटणी होती.

आवाज गडगडाटी, काम मात्र असं की त्याचा आवाज होऊ नये. "जिभेला कळता कामा नये," हा त्यांचा मंत्र. तोंड म्हणजे घर, कवळी म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात पाय वाजवत फिरायचं नाही. कवळी तयार झाली की तिला ते पॉलिशच्या चाकावर धरायचे आणि धरूनच बसायचे. कुठं कंगोरा नाही, कुठं खरखर नाही. मी स्वतः पाहिलंय, माशी कवळीवर बसायला आली आणि घसरून थेट माझ्या चटणीत पडली. (ती मी काढून टाकली. गिऱ्हाइकांनी काळजी करू नये.)

तर ती मोटार.

मास्तरांचा जन्माचा दोस्त म्हणजे कासीमभाई. विजापूर वेशीकडं घर, धंदा टॅक्सीचा, गाडी पद्मिनी. तरुणपणी या दोघांच्या डोक्यात वारं शिरलं आणि त्यांनी त्या पोटापाण्याच्या टॅक्सीची रेसची गाडी केली. बंपर काढले, मागची सीट काढली, सायलेन्सर अर्ध्यात कापला, रुंद टायर मावावेत म्हणून चाकांवरचे पत्रे हातोडीनं ठोकून बाहेर फुगवले, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्डिंग करून बसवला आणि बॉनेट उडू नये म्हणून त्याला कमरेच्या पट्ट्यानं बांधलं. पट्टा मास्तरांचा होता. कोल्हापूरकडं एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती, तिथं हे निघाले. वाटेत सांगोल्याच्या पुढं एका उतारावर चहाला थांबले. कासीमभाई उतरताना म्हणाले, "मास्टर, हँडब्रेक खेच." मास्तर त्या वेळी चहावाल्याच्या पुढच्या दाताकडं बघत होते. दात किडका होता. मास्तर उतरून त्याला समजावायला गेले, आणि इकडं पद्मिनी एकटीच शर्यतीला निघाली. खाली एक बाभूळ होती म्हणून थांबली.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार आत गेलं. जागच्या जागी ठोकून, वाटेत कुणाच्या तरी गॅरेजात वेल्डिंग मारून ते कायमचं बंद करून टाकलं, आणि कासीमभाई खिडकीतून आत शिरून ती शर्यत धावले. नऊ गाड्यांत आठवे आले. नववी सुरूच झाली नव्हती. पुढं गाडीला परत मागची सीट लागली, बंपर लागले, ती टॅक्सी म्हणून धावली आणि शेवटी भंगारात गेली. पण दाराचं ते बंद वेल्डिंग काही कासीमभाईंनी उघडलं नाही. तीस वर्षं पलीकडच्या दारानं चढले. कारण विचारलं तर म्हणायचे, "सवय हो गई."

मास्तर हा किस्सा शेकडो वेळा सांगायचे. चूक कधी चहावाल्याच्या दाताची असायची, कधी उताराची, कधी बाभळीची. हँडब्रेकचा उल्लेख मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. तो मला कासीमभाईंच्या बायकोनं सांगितला होता, आणि तिनंही कुजबुजत.

पुढं साखरेनं कासीमभाईंचे डोळे नेले. हळूहळू, एकेक दिवा मालवावा तसे. तरी ते नातवाच्या रिक्षातून दुपारी माझ्या दुकानी येऊन बसायचे. एकदा बसल्या बसल्या म्हणाले, "पयले डोळे मिटले की गाडी दिसायची. आता ती पण दिसत न्हाई. बेगमचा चेहरा दिसतो, पोरांचे दिसतात, गाडीचा न्हाई. कसा होता तिचा चेहरा?"

मास्तर भाकरीचा तुकडा हातात घेऊन उभे होते. त्यांनी तो परत टोपलीत ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तुकडा परत ठेवलेला मी तेव्हाच पाहिला. "मी दाखवतो तुला," म्हणाले. "डोळ्यांना न्हाई तर हातांना दाखवतो."

बाजारात तशी खेळण्यातली पद्मिनी मिळते म्हणे. मास्तरांना ती चालणार नव्हती. ती टॅक्सी असते, शर्यतीची गाडी नसते. त्यांनी पहिल्या खिळ्यापासून स्वतः करायची ठरवली, आणि साहित्य वापरलं फक्त तोंडातलं. मेणात आख्खी बॉडी कोरली, तिच्यावर प्लास्टर ओतून साचा घेतला आणि साच्यात कवळीचं ॲक्रिलिक दाबलं. आतला पिंजरा वाकड्या दातांना लावतात त्या तारेचा. सायलेन्सर इंजेक्शनच्या सुईचा. काचा धुतलेल्या एक्स-रे फिल्मच्या. त्यातल्या मागच्या काचेत उन्हात धरलं तर कुणाची तरी अक्कलदाढ पुसट दिसायची. टायर दातांचं माप घेतात त्या रबराचे. बॉनेटचा पट्टा मास्तरांच्याच घड्याळाचा कापलेला. महिन्यामागून महिने गेले. पेशंट वाढत होते, कवळ्या रखडत होत्या, तात्यांसारखी मंडळी दारात हवा सोडत होती. मास्तर आतून एकच उत्तर द्यायचे, "घाई असेल तर जुन्याच दातांनी जा."

गाडीवर रंगाचे हात चढले तेव्हा मी विचारलं, "मास्तर, त्यांना दिसत नाही, रंग कशाला?"

"तू भाकरी खालच्या अंगानं कच्ची ठेवतोस का? गिऱ्हाईक कुठं उलटून बघतंय?"

मी माझ्या दुकानाकडं वळलो. काही भाकऱ्यांबद्दल मला तसंही बोलायचं नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर, कासीमभाई आले. मास्तरांनी गाडी आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. मी तुम्हाला सांगतो, तशी वस्तू मी पाहिली नाही. दाराची फट दिसत होती पण नखाला लागत नव्हती. बॉनेटवर माझा पंखा फिरताना दिसत होता. गल्लीतले चारजण उगाच भाकरी घ्यायला आले.

कासीमभाईंचे हात गाडीवरून फिरले. पुढून मागं, मागून पुढं. छपरावरून, दारांवरून, परत बॉनेटवर. मास्तर श्वास धरून उभे. शेवटी कासीमभाई फार अदबीनं म्हणाले, "बहोत अच्छी है. कुणाची आहे?"

चारजण भाकरी न घेताच गेले.

मास्तर त्यानंतर कित्येक दिवस ओरडले नाहीत. भिंतीपलीकडं इतकी शांतता की मला माझ्याच चटणीचं तेल सुटल्याचं ऐकू यायचं. मग एकदा मला हाक मारली. गाडी टेबलावर, बाजूला स्पिरिटचा दिवा. म्हणाले, "माझं चुकलं कुठं, कळलं का तुला? मी तिची कवळी केली. जिभेला कळू नये अशी केली. आणि त्याला तर बोटांना कळायला पाहिजे होती."

"दार तर तुम्ही सरळच केलंय की," मी म्हणालो. "ते तर आत गेलेलं होतं."

"आपल्याकडं गाडीचा एकच फोटो आहे. त्यात ती बाजू दिसत न्हाई. न दिसलेलं मी करत न्हाई." असं म्हणाले खरे, पण माझ्याकडं न बघता.

मग त्यांनी कानस घेतली आणि इतक्या दिवसांचं पॉलिश खरवडायला सुरुवात केली. मला सांगितलं, गाडी घट्ट धर. चाकांवरचे फुगवलेले पत्रे ठोकल्यासारखे खडबडीत केले. पिंजऱ्याच्या सांध्यांना वेल्डिंगचे ओबडधोबड मणी चढवले. प्रत्येक ओरखड्याला त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू स्वतःच्याच हिरडीला लागतंय. "आयुष्यात पहिल्यांदा टोचेल असं काम करतोय," एवढंच बोलले. सगळ्यात शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं दार दिव्यावर धरलं. ॲक्रिलिक मऊ झालं तसा त्यांनी त्यात आपला अंगठा दाबला. चटका बसत असणार. अंगठा काढला नाही.

पुन्हा शुक्रवार. या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं. कासीमभाईंचा हात बॉनेटवरच्या पट्ट्याशी थांबला, मग चाकावरच्या फुगवट्यावर, आणि तिथून तो जो दाराकडं गेला तो घरी गेल्यासारखा गेला. त्यांचा अंगठा त्या खळग्यात बसला. तिथंच राहिला. बाहेर सात रस्त्याचे सगळे हॉर्न वाजत होते, पण ते जणू दुसऱ्या गावात.

"बाभूळ," कासीमभाई म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता, पण तो लगेच दुसरीकडं वळवून त्यांनी साधंच विचारलं, "मास्टर, हँडब्रेक खेचा क्या?"

मला वाटलं, आता चहावाल्याचा दात निघणार, उतार निघणार. पण मास्तरांनी गाडी कासीमभाईंच्या मांडीवरून अलगद उचलली आणि आत गेले. भिंतीपलीकडून चिमट्यांचा आवाज येत राहिला. संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा कासीमभाई माझ्या दुकानीच बसून होते, आणि गाडीच्या आत, सीटच्या शेजारी, दाताच्या तारेची एक इवलीशी दांडी होती. वर ओढली की मागची चाकं घट्ट, खाली सोडली की मोकळी. त्यांनी कासीमभाईंचं बोट धरून खिडकीतून आत नेलं आणि दांडीवर ठेवलं. मग त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवून ती वर ओढली. टक्‌ असा आवाज झाला. तो मी ऐकला. यात मी काही वाढवून सांगत नाही.

गड्ड्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात मास्तर गेले. शेजारी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तिथला मालक भला माणूस आहे, कधी आवाज करत नाही, आणि मला त्याची सवय होत नाही. तात्या अजून येतात. दात मजबूत आहेत. भाकरी चावतात आणि भिंतीकडं बघून म्हणतात, "लई वरडायचं की मानूस."

परवा कासीमभाईंकडं गेलो होतो, भाकरीचं पुडकं घेऊन. ते ओट्यावर बसले होते. पाणी वाहून जावं म्हणून त्या घरांचे ओटे गटारीकडं चांगलेच उतरते केलेले असतात, आणि बरोबर त्या उतारावर, नाक खाली करून, पद्मिनी उभी होती. मी पुडकं खाली ठेवून पुढं झालो. म्हणालो, "कासीमभाई, घरंगळेल की ही गटारात. आत ठेवू का?"

कासीमभाईंनी मास्तरांनी बसवलेल्या दातांनी माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, सावकाश चावला.

"न्हाई जात ती," म्हणाले. "मास्टरनं ब्रेक ओढलाय."