दोन्हीकडे शब्द दिलेला सेनापती

मिठाच्या कायदेभंगाचं वर्ष होतं. माझे यजमान रत्नागिरीत पोलीस हवालदार, आणि माझा थोरला भाऊ खाडीकाठच्या माहेरगावी उघडउघड मीठ पिकवणारा. धाड पडायची असली की यजमान गावाला गुपचूप निनावी निरोप धाडत, आणि धाडीत लाठी घेऊन तेच पुढे असत. हे फक्त मला ठाऊक होतं. दारावर कोणी थाप मारली तरी मी आधी फटीतून बघायची.

त्या दिवसांत धाकटे दीर बोटीवरून रजेवर आले होते. जपानच्या बंदरात ऐकलेली जुनी गोष्ट ते दुपारी सांगत बसले. तिथला एक सामुराई सेनापती. मोठी लढाई तोंडावर आलेली आणि यानं आतून दोन्ही पक्षांना शब्द दिलेला. लढाईच्या सकाळी फौज घेऊन तो डोंगरावर जाऊन बसला. खाली माणसं कापली जातायत, दोघेही वाट बघतायत, आणि हा हलेना.

"मग?" यजमानांनी विचारलं. हातातलं पान तसंच राहिलं होतं.

"मग एका पक्षानं त्याच्याच डोंगरावर बंदुका झाडल्या. तसा घाबरून खाली उतरला, आणि ज्यांच्याबरोबर आला होता त्यांच्यावरच तुटून पडला."

"जिंकला ना?"

"जिंकला, दादा. मुलूखही मिळाला. पण पुढं त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीना. लवकरच मेला. डोकं फिरलं होतं म्हणतात."

यजमान उठून आत गेले. मी मागोमाग गेले.

"साहेबाला संशय आलाय," ते हळूच म्हणाले. "उद्याची धाड तुझ्या माहेरी. लाठीचा हुकूम मीच द्यायचाय. आपल्या घरावर नजर आहे, निरोप जायचा नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"मला कळत नाहीये गं."

दुसऱ्या दिवशी चुलीवरचा भात करपला तरी मला वास आला नाही. भाऊ मेला तर? यांनीच मारला तर? धाडीमागोमाग गेलेले दीर संध्याकाळी धापा टाकत आले. हुकूम द्यायच्या वेळी यजमान नुसते उभे राहिले होते. साहेब ओरडला, तरी हलेनात. शेवटी साहेबानंच हुकूम दिला. भावाच्या डोक्यात लाठी बसली तेव्हा यांनी कमरेचा सरकारी पट्टा सोडून टाकला आणि त्याच्या अंगावर आडवे पडले.

भाऊ वाचला. यजमान तुरुंगात गेले. सुटून आल्यावर आम्ही माहेरगावी राहायला गेलो, पण ते चावडीवर गेले की बोलणं थांबायचं. लोकांना ते अजून सरकारचेच वाटत. रात्री कुत्रं भुंकलं तरी मी दचकून उठायची. आता कोण येईल, पोलीस की गाववाले, ते कळायचं नाही. पुष्कळ दिवसांनी एकदा भरल्या चावडीत भावानं शेजारची जागा झटकली आणि म्हणाला, "भावोजी, इथं बसा." ते बसले. बाकीच्यांचं थांबलेलं बोलणं मात्र सुरू झालं नाही.