असा हॉल इथे नाही

मुलुंड पूर्वेच्या त्या बंदिस्त स्टेडियमचं आजचं नाव मला विचारू नका. आधी ते साधं श्रमिक क्रीडागृह होतं, लोकांच्या तोंडी श्रमिक हॉल. मग नावाचे पैसे मोजून पाइपवाल्यांनी किरणोदय अरेना केलं. त्यांचं दिवाळं वाजलं, मसालेवाले आले. आता एका अ‍ॅपचं नाव, टकाटक डोम. घ्या! जुनी पाटी उतरवायला दर वेळी शिडीवर चढायचा तो धाकू परब. कुडाळकडच्या गिरणी कामगाराचा मुलगा, चोवीस वर्षं तिथेच वॉचमन, आता सुपरवायझर.

वरून हुकूम आला की धाकू त्याला दोन हुकूम आपले जोडणार, ही खोडच त्याची. अ‍ॅपवाले म्हणाले, जुनं नाव गेटवर नको. झालं! नवी वॉचमन नंदा, तिच्याकडून ह्याने घोकूनच घेतलं, "जुन्या नावाने विचारलं तर सरळ सांगायचं, असा हॉल इथे नाही. पुढे एक शब्द नाही."

घरी बायको प्रेमा दोन वर्षांपासून सगळं विसरत चालली होती. मुलीचं लग्न झालं हेसुद्धा. श्रमिक हॉलवर नवऱ्याचा डबा न्यायचा, एवढंच पक्कं राहिलं होतं.

मंगळवारी दुपारी एक वाजता शेजारच्या श्वेताचा फोन आला. "काका, दार सताड उघडंय. काकू घरात नाहीत!"

धाकू मागच्या गेटने धावत सुटला. बाजार, देऊळ, दवाखाना पालथा घातला. रिक्षावाल्यांपुढे हात जोडले, चौकीत फोटो दिला. प्रेमाला घरचा पत्ताही सांगता येत नव्हता. चार वाजले तेव्हा तो भर रस्त्यात रडत होता.

शेवटी पुढच्या गेटवर येऊन त्याने नंदाला फोटो दाखवला. "हिला पाहिलीस का गं कुठे?"

"ह्या? ह्या तर साडेबारालाच आल्या होत्या, काका. हातात डबा होता, नवऱ्यासाठी म्हणाल्या. श्रमिक हॉल खंय म्हणून विचारत होत्या."

साडेबाराला धाकू आत, पन्नास पावलांवर पंख्याखाली बसला होता.

"मग?"

"तुम्ही शिकवलंत तेच सांगितलं. तीनदा विचारलं हो त्यांनी. म्हणाल्या, माझो घोव थंयच आसता. मी म्हटलं, असा हॉल इथे नाही." नंदाने रस्त्याकडे बोट दाखवलं. "मग हायवेकडे गेल्या."

 धाकू धावला. छातीवर टकाटकचा बिल्ला लावलेला साठीचा माणूस हायवेच्या कडेने ऊर फुटेस्तोवर ओरडत सुटला, "प्रेमा गे! ह्योच श्रमिक हॉल! मी हंयच आसंय!"