काकांच्या सहीची बाटली

"लाईट गेली, आणि हे जेवता जेवता ताटावरून उठले, ते दारातच बसले गं, पुन्हा उठलेच नाहीत..." महिन्यापूर्वी काकूचा फोन आला तेव्हा मी नानाखेड्याला बसची वाट बघत होते. पुढचं तिनं सांगायची गरजच नव्हती. मेली ती लाईट!

हिंदी मुलखातल्या आमच्या गावी, टावर चौकाजवळ वामनकाकांचं श्रीखंडाचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी खाद्य विभागाचे साहेब नमुना घ्यायला आले. श्रीखंडाचे चार भाग, चार बाटल्या, प्रत्येकीवर सील आणि काकांची सही. साहेब माणूस भला. म्हणाले, "भाईसाहब, चौथा हिस्सा आप चाहें तो अलग लैब में भिजवा दें। आपका हक़ है।" काका हसले. "अरे साहब, आप पर भरोसा है, चाय लीजिए।" दारी आलेल्या माणसावर अविश्वास दाखवायचा नाही, हे आमच्या घरचं वळण. त्यानंच घात केला.

अहवाल आला, 'असुरक्षित'. फौजदारी खटला लागला. काकांनी मुदतीत अपील केलं, की दुसरी बाटली मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. अर्ज तसाच पडून राहिला, आणि बाटल्या खात्याच्या फ्रिजमध्ये. वकील खुश! म्हणाले, "नासू द्या हो. फेरतपासणीचा हक्कच बुडाला, असं म्हणून सुटाल." काका असे भडकले... "नासलं म्हणून सुटायचं नाहीये मला! चोख होतं म्हणून सुटायचंय."

मग ते सुरू झालं. लाईट गेली की काका हातातला घास ठेवून उठायचे, दारात जाऊन उभे राहायचे. "तिकडेही गेली असेल. गरम होतेय ती बाटली." आधी आम्ही थट्टा केली. मग ते म्हणू लागले, आंबट वास येतोय. दुकान केव्हाच बंद झालेलं, घरात दूध चहापुरतं. एकदा मी चिडलेच, "काका, पुरे आता! काय डोक्यात घेऊन बसलात?" त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. सही करायचा हात. खोटं कशाला बोलू... मलाही वास आला. बोटं बर्फासारखी गार होती, बाहेर वैशाखातलं ऊन. मी चहा न घेताच घरी गेले, आणि हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

परवा कोर्टात तारीख होती. मी आणि काकू मृत्यूचा दाखला घेऊन गेलो. न्यायाधीशांनी तो पाहिला. ते म्हणाले, आरोपी हयात नाही, प्रकरण समाप्त. काकू हात जोडून उभीच. "मतलब वो बेक़सूर थे न, साहब?"

त्यांनी चष्मा काढला. "माताजी, वो अब तय नहीं हो सकता।"

एवढंच. ना दोषी, ना निर्दोष. माणूस गेला आणि त्याचं नाव तसंच लटकत राहिलं. माझ्या डोक्यात नुसती आग झाली. काकूला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं, तर दारातल्या शिपायाला कुणी काही कळवलंच नव्हतं. त्यानं यादीत पाहून पुकारा केला, "वामन वल्द गोविंद, हाज़िर हो!"

मी ओरडणार होते, "अरे, गेले ते!" पण काकूनं माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब गं," ती म्हणाली. "येऊ दे त्यांना. एकदा त्यांच्याच तोंडानं साहेबांना विचारू दे."

शिपायानं पुन्हा हाक दिली. खाली जिन्यावर कुणीतरी सावकाश, दम घेत चढत होतं. आम्ही दोघी तिकडे बघत उभ्या राहिलो.