‘पाटी कोरी’ म्हणणारे डॉक्टर

पेनाचे चांदीचे टोपण कानशिलावर दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "इथं! सगळं इथं असतं." आमच्या मलकापूरच्या त्या डॉक्टरांची ही मुद्रा न पाहिलेला मनुष्य त्या काळी पेठेत विरळा. देवळात घंटा वाजवावी तसे ते स्वतःचे डोके वाजवीत. फरक इतकाच, की घंटेनंतर आपण देवाकडे पाहतो. येथे सर्वांनी त्यांच्याकडेच पाहावे, अशी अपेक्षा असे.

महाराष्ट्र राज्य नवे होते. डॉक्टर मुंबईहून शिकून आले होते आणि रोगापेक्षा मेंदूवर अधिक बोलत. खोकला घेऊन गेलेला रोगी व्याख्यान घेऊन परते, खोकला तसाच. हे ऐकीव नव्हे. तो खोकला माझाच होता.

व्याख्यान मात्र सुबोध. "गुरुजी, स्टेशनावरचा मालधक्का पाहिलात ना? रुईच्या गाठी आधी तिथं उतरतात, मग वॅगनीत भरून मुंबईला जातात. नवी आठवणही आधी मेंदूच्या आत एका छोट्या भागात उतरते. उजळणी झाली, झोप मिळाली, की वाटा रुळतात आणि ती वरच्या सालीत कायमची मुक्कामाला जाते." मला हे पटे. सायंकाळी अडखळणारे सूक्त सकाळी विद्यार्थ्याच्या जिभेवर सुखाने बसलेले मी पाठशाळेत जन्मभर पाहिले आहे. विद्येपुढे मी नम्र आहे. वीट येतो तो तिच्या तमाशाचा.

त्या तमाशाचे नाव किसन. लहानपणी माझ्यापाशी स्तोत्रे शिकलेला, पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधणारा. मेंदूज्वराने त्याचा मालधक्काच जळाला. जुने स्तोत्र तो अस्खलित म्हणे. आत्ताच प्यालेला चहा विसरे. आजारानंतर त्याची पत्नी वारली, तीही वार्ता त्याच्यात टिकली नाही. घरचे पुन्हा सांगत नसत.

डॉक्टर मात्र सांगत. गाडीने कोणी शिकलेला पाहुणा उतरला, की किसनला बोलावणे जाई. औषध फुकट मिळते म्हणून भाऊ त्याला आणून सोडी. एकदा स्तोत्राची साक्ष द्यायला मलाही बसवले.

"किसन, बायको कुठं आहे रे?"

"घरी हाय न साहेब. भाकरी टाकून राह्यली असन."

"ती वारली. मागच्या साली."

"काय म्हनता साहेब? मले कोनी सांगतलं काऊन नाही?" आणि तो थोराड मनुष्य नुकत्याच विधुर झालेल्या माणसासारखा ढसढसा रडला. पाहुणे घड्याळ पाहत होते. चहा आला. किसनने बशीत फुंकर घातली, गालाला हात लावला आणि मला विचारले, "गुरुजी, माहे डोये ओले काऊन झाले?"

"पाटी कोरी!" टोपण ठोकीत डॉक्टर गरजले.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, त्याला पुन्हा विधुर करू नका."

"अहो गुरुजी, दुःख उरतच नाही त्याच्यात. मग पाप कसलं?"

असे किती पाहुणे आले, कोण जाणे. पुढे नागपूरचे एक मोठे सर्जन उतरले. किसनला नेले हे कळताच मी मागोमाग गेलो. डॉक्टरांनी टोपण कानशिलाकडे नेले मात्र, किसन ताडकन उठला.

"काय झालं? मला ओळखतोस?"

"नाही जी. कोन तुम्ही?"

"मग चाललास कुठं?"

"मालूम नाही. पन तुमच्यापाशी बसू नाही वाटत."

सर्जन मंद हसले. "डॉक्टर, पाटी कोरी नाही. तुम्ही उमटला आहात तिच्यावर."

आमचे शास्त्र यालाच संस्कार म्हणते. ते सांगण्याची मला गरज पडली नाही. टोपण हवेतच थांबले होते. ठोकायला जागा सापडत नव्हती. मी किसनचा हात धरून त्याला घरी नेले, आणि भावाला सारे सांगितले. किसन पुन्हा त्या दवाखान्यात गेला नाही.

डॉक्टर लवकरच मोठ्या शहरी, मोठ्या श्रोत्यांकडे गेले. दवाखान्यात सायकलचे दुकान आले. पेठेत विचाराल, तर डॉक्टरांचे नाव कोणाला आठवणार नाही. किसन मात्र त्या दुकानाशी आला की थबके आणि रस्ता ओलांडून पलीकडून जाई.

"काऊन रे किसन?" मी एकदा विचारले.

"मालूम नाही, गुरुजी," तो म्हणाला, आणि लहानपणचे स्तोत्र पुटपुटत पलीकडच्या कडेने चालू लागला.