फादरांच्या घरावरचे कवेलू
पोलोग्राउंडला मलब्याच्या ट्रॉलीत आज जुने कवेलू, म्हणजे मातीची कौलं, दिसले आणि इंदूरजवळच्या खेड्यातलं फादरांचं दगडी घर आठवलं. चर्चला लागून, जाड भिंतींचं. भर उन्हाळ्यात आत गेलं की चुन्याचा गार वास यायचा. कवेलूंचं छप्पर मात्र निम्मं फुटलेलं. मी इंजिनीअर, फटकन सांगून टाकलं, "फादरजी, असे कवेलू आता कोण बनवतं? पत्रे टाका." रविवारी माप घ्यायला गेलो, तर प्रार्थनेला आलेल्या बायांच्या डोक्यावर टोपल्या! स्वतःच्या घरांवर स्लॅब टाकताना उतरवलेले कवेलू त्यांनी जपून ठेवले होते. एक म्हातारी दटावून म्हणाली, "म्हारा घर का हे भिया, संभाल के लगाजो." छप्पर ठिगळांचं दिसलं, पण पावसात थेंबभर गळलं नाही. आज मीच ट्रॉलीला हात केला, "रुको भिया, ये कवेलू फेंकना मत."