दादाला ‘आपण’ कोण म्हणालं?

महाडात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईकं सकाळपासून व्हॉट्सॲपवर फायली पाठवतात आणि मग घटकेघटकेला ‘झालं का?’ म्हणून विचारतात. झालेलं असतं तरी विचारतात. मी एका हातानं कागद लावायचो, दुसऱ्यानं उत्तर द्यायचो, आणि त्या नादात एकाच्या आधार कार्डाच्या मागे दुसऱ्याचा फोटो छापायचो.

मदतनीस हवा होता. पण माणूस ठेवला तर तो दुकानात काय बघेल आणि बाहेर काय सांगेल, याची मला धास्ती. माझा स्वभावच तसा. वीर स्टेशनाहून रिक्षावाल्यानं सरळ रस्त्यानं आणलं तरी मी मनात म्हणतो, आज सरळ का आणलं असेल? म्हणून मी व्हिडिओ बघून बघून एआयचा मदतनीस बनवला. त्यात फार अवघड काही नसतं. नोकर कसा हवा ते आपल्या भाषेत लिहून द्यायचं, दुकानाचे दर सांगायचे आणि त्याला व्हॉट्सॲपला जोडून द्यायचं. मी लिहिलं, ‘नम्र राहा. सगळ्यांना आपण म्हण. कुणालाही ठाम शब्द देऊ नकोस.’

गिऱ्हाईकं खूश झाली. एक निवृत्त मास्तर तर मुद्दाम दुकानात येऊन म्हणाले, “तुमची भाषा सुधारली हो!” मी मान खाली घालून ते कौतुक खिशात टाकलं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. थोरला भाऊ तिथेच राहतो, गुरं आणि शेती बघतो. घर, अंगण, जमीन सगळं दोघांचं. वाटणी झालेली नाही आणि कुणी तो विषयही काढलेला नाही. उन्हाळ्यात दादाचे निरोप यायला लागले. तो लिहीत नाही, बोलून पाठवतो. “अरे, वर कधी येतोस? एक बोलायचं हाय. फोनवर नको.”

फोनवर नको! माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरतं. त्यातच गावचा एक जण प्रिंट काढायला आला आणि सहज बोलून गेला, “तुमच्या अंगणात मोजायची टेप घेऊन कोण हिंडत होता हो?” हल्ली आमच्या बाजूला डोंगर विकत घ्यायला माणसं येतात. पांढरी गाडी असते, डोळ्यांना काळा चष्मा असतो आणि बरोबर टेप असतेच. माझी झोप उडाली.

मी सगळी हकिकत मदतनिसाला सांगितली आणि विचारलं, दादा काय लपवतोय? त्यानं लिहिलं, ‘जमिनीच्या विक्रीची पूर्वतयारी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ बघा! मी मांडीवर थाप मारली. आता विक्रीचं त्याला कुणी सांगितलं होतं? मीच. माझाच संशय त्यानं इस्त्री करून मला परत दिला आणि मी तो साक्षीदार म्हणून उभा केला.

दादाशी समोरासमोर बोलायचं तर माझी पंचाईत होते. तो ‘अरे’ म्हणाला की मी ‘हो’ म्हणून मोकळा होतो. म्हणून मी दादाचा नंबर मदतनिसाच्या ताब्यात दिला आणि बजावलं, ‘हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. त्याच्या मनात काय आहे ते काढून घे.’

आज्ञाधारक तर तो होताच. दादानं पुन्हा विचारलं, “अरे, येतोस ना?” त्यावर यानं लिहिलं, ‘आपला निरोप मिळाला. आपल्या मनात नेमके काय आहे, ते कृपया कळवावे.’ दादानं परत विचारलं, तेव्हा, ‘आपला विषय विचाराधीन आहे. आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.’

त्यानंतर दादा गप्प झाला. मला वाटलं, पकडला!

एका दुपारी जेवायला घरी गेलो तर बायको पाटावर ताट न ठेवता ताट हातात घेऊन उभी. “अहो, जाऊबाईंचा फोन होता. रडत होत्या. तुम्ही मोठ्या भावोजींना ‘आपण’ म्हणालात?”

आमच्याकडे भाऊ भावाला शिव्या घालतो, पाठीत ढेकूळ घालतो, त्यानं काही बिघडत नाही. पण एकानं दुसऱ्याला ‘आपण’ म्हटलं की सगळी भावकी समजून जाते, आता मोजणी येणार. आमचे वडील आणि चुलते वाटणी झाल्यावर मरेपर्यंत एकमेकांना ‘आपण’ म्हणत राहिले आणि एकाच विहिरीवर वेळा बदलून पाणी भरत राहिले. दादानं ते लहानपणी बघितलंय. मीही बघितलंय. मदतनिसानं कुठे बघितलंय?

दुकान बंद केलं आणि स्कूटर काढली. पोलादपूर सोडून चढाला लागेपर्यंत मी काय बोलायचं ते घोकत होतो. अंगणात पाय ठेवला आणि सगळं विसरलो. अंगणाच्या मधोमध खुंट्या ठोकलेल्या, त्यांना सुतळी बांधलेली. अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

दादा गोठ्याच्या दाराशी होता. “या,” तो म्हणाला, “बसा आपण.”

“दादा, अरे…”

“पाणी आण गो,” तो आत बघून म्हणाला, “महाडचे पावणे आलेत.”

वहिनी तांब्या घेऊन आली. डोळे सुजलेले. “भावोजी, मीच वाचून दाखवलं यांना. आधी वाटलं, बँकेचा मेसेज हाय.”

“दादा, ते मी नाही लिहिलं. मशीन लिहितं.”

“मशीनीला आमचं घरातलं कुणी सांगितलं?”

“मी.”

“माझ्या मनात काय हाय, हे मशीनीला कशाला रं हवं?”

“मला हवं होतं.”

“मग तू इचारायचंस!”

तो ‘तू’ मी झेलून घेतला. धीर आला म्हणून लगेच चूक केली. “मग तो टेपवाला कोण होता?”

“पत्रेवाला होता तो! गोठ्याची भिंत कलंडलीय ती दिसत नाय? पावसात गुरांवर पडंल. अंगणात नवा गोठा घालायचा होता. जागा दोघांची, तुला इचारल्याबिगर खांब कसा पुरू? जमिनीचं बोलणं फोनवर करतात काय रे, गाढवा?”

मी भिंतीकडे बघितलं. कलंडली होती. मुद्दाम कुणी ढकलली असेल का, असं एकदा मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू?

“आणि ह्या खुंट्या?”

“तुझा अर्धा मोकळा ठेवला. माझ्या अर्ध्यात गोठा बसत नाय सगळ्या गुरांचा. म्हशी इकतोय.”

वहिनीनं तोंड फिरवलं. त्या म्हशी तिनं रेडकं असल्यापासून वाढवल्या आहेत.

“म्हशी नाही विकायच्या,” मी म्हणालो. “गोठा घाल. हवा तिथं घाल.”

दादा मला खालून वरपर्यंत बघत राहिला. “हे तू बोलतोस, का परत ते?”

“मी!”

“कशावरनं?”

आता याला पुरावा कुठून द्यायचा? मग मी त्याला एक शिवी दिली. लहानपणी आंब्यावरून भांडताना देत असे तीच. इथे लिहिण्यासारखी नाही. वहिनीनं पदर तोंडाला लावला. दादा गोठ्याच्या दारातून पुढे आला आणि म्हणाला, “हां. हा आमचाच.”

त्याच्यासमोर बसूनच मी त्याचा नंबर मदतनिसाकडून काढून घेतला. मी तो काढेपर्यंत दादानं स्क्रीनवरून नजर हलवली नाही. मग दोघांनी मिळून खुंट्या उपटायला घेतल्या. तो सुतळी गुंडाळत होता, मी खुंट्या हलवून काढत होतो. शेवटच्या खुंटीला हात घातला तर दादा म्हणाला, “ती ऱ्हाऊ दे रे. वासरू बांधायला होईल.”

राहू दिली. वहिनीनं चहा आणला. चहा पिता पिता मी उठून एकदा तिकडे जाऊन आलो. बाकीच्या खुंट्या सरळ रेषेत होत्या, त्यांची भोकं अजून दिसत होती. ही एकटी माझ्या अर्ध्यात चांगली हातभर आत होती.

“काय रे?” दादानं विचारलं.

“काय नाय,” म्हटलं, आणि बशी तोंडाला लावली.