आखडून राह्यली

कोकणातून चिखलीत नोकरीला आलो तेव्हा ठरलं होतं: तीन महिने कच्चा, जमलं तर पक्का. नववीत शाळा सोडलेल्याला कोड लिहायला बसवणारे आमचे सर अख्ख्या महाराष्ट्रात एकटेच असतील, असं मला आजही वाटतं. म्हणून भीती दुप्पट.

आमचा प्रोग्राम कोडच्या जुन्या आवृत्त्या सांभाळायचा. त्यांची एक यादी असे. जुन्या आवृत्त्या पुसल्या की यादी अर्धी रिकामी पडायची, मग ती लहान जागेत हलवायची. स्टँडवर जीप भरली नाही की सवाऱ्या उतरवून दुसऱ्या जीपमध्ये कोंबतात, तसंच. हे आखडायचं काम माझ्या शेजारी बसणाऱ्या, दुसरबीडच्या दादांनी लिहिलेल्या धाग्याकडे, म्हणजे प्रोग्रामातल्या स्वतंत्र चालणाऱ्या तुकड्याकडे; यादी वाचायचं माझ्या धाग्याकडे. दोन्ही धागे एकाच वेळी चालणार होते; दोघांनी एकदम यादीत हात घातला की प्रोग्राम मरणार. म्हणून दादांनी कोडात एक खूण ठेवली होती; ती बघून माझ्या धाग्यानं वाचायचं की थांबायचं ते ठरवायचं. तिचं नाव, इंग्रजी अक्षरांत: आखडून_राह्यली. अर्थ मी विचारला नाही. मराठीच तर होतं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दोघांचं काम जोडलं आणि प्रोग्राम मरू लागला. असले घोटाळे म्हणे क्वचित दिसतात, पकडू जाल तर लपतात. आमचा दर वेळी, न चुकता. "एवढा शिस्तीचा घोटाळा मी पाहिला नाही," सर म्हणाले. कॉम्प्युटर बदलला. वायर बदलली. दादांनी लिंबू-मिरची टांगली.

मग दादा माझा कोड मोठ्यानं वाचायला बसले.

"आखडून राह्यली असंन तरच वाच... काऊन बे? ती आखडून राह्यली अन् तू तिच्यात मुंडकं घालतं?"

"राहिली ना? म्हणजे आखडून झालीच की."

"झाली कुठं! अजून चालूच हाय ते! मी जेऊन राह्यलो म्हंजे ताट धुतलं का?"

"आमच्याकडे थंडीत माणूस आखडून राहिला म्हणजे आखडला, आणि तसाच राहिला."

म्हणजे मी सगळं उलटं लिहिलं होतं. यादी स्वस्थ असेपर्यंत माझा धागा दाराशी ताटकळत उभा, आणि ती हलायला लागली की नेमका आत उडी. तीनदा तपासून लिहिलं होतं मी ते.

सर आले. आता घरी जायचं, हे मी धरूनच चाललो होतो.

"नाव म्याच तसं ठेवलं, सर," दादा म्हणाले. "याले काय माहीत."

"विचारायला मी हवं होतं," मी म्हणालो.

सरांनी ती खूणच काढायला लावली. खूण बघून आत शिरेपर्यंतही यादी हलू शकते; एक आत असेल तर दुसरा बाहेर, असं पक्कं कुलूपच घाला, म्हणाले. घातलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत प्रोग्राम एकदाही मेला नाही.

सर चष्मा पुसत म्हणाले, "तुझे तीन महिने संपले रे."

मी खुर्चीवरून उठलो. "संपले म्हणजे?"

"अबे, पक्का झाला तू," दादा म्हणाले. "बस खाली."

मी बसलो. मग उठून सरांना पुन्हा विचारून आलो.